पहिली मात्रा : बीड मुलखातील अफूच्या पिढ्या

अफूविषयी जे काही लिहिले गेले आहे, त्यात चीनवर लादलेल्या युद्धांचा, गाझीपूरच्या कारखान्याचा, मुंबई बंदरातून रवाना झालेल्या पेट्यांचा आणि त्यापायी सरकारी खजिन्यात जमा झालेल्या महसुलाचा तपशील विपुल सापडतो. परंतु ज्याने अफू खाल्ली त्या मनुष्याच्या मुखी तिची पहिली मात्रा कोणी घातली, त्या वेळी त्याचे वय काय होते आणि घालणाऱ्याचा हेतू काय होता, याची विचारपूस फारशी कोणी केलेली नाही. वास्तविक व्यसनाच्या इतिहासात याहून मूलगामी प्रश्न दुसरा नसावा. अफूच्या व्यापारी नकाशावर ज्याचे नावही उमटत नाही अशा बीडसारख्या कोरडवाहू मुलखाच्या निमित्ताने हा प्रश्न विचारला, तर असे दिसते की गेल्या सव्वाशे वर्षांत पदार्थाचे मूळ तेच राहिले, माणसाच्या देहावरील त्याची सत्ताही तीच राहिली; पण पहिली मात्रा देणारा हात मात्र पिढीगणिक बदलला. आजीच्या आणि आईच्या बोटापासून वैद्य-हकिमाच्या पुडीपर्यंत, तेथून मित्राच्या चांदीच्या कागदापर्यंत आणि अखेर औषधांच्या दुकानातील बाटलीपर्यंत हा प्रवास झालेला आहे, आणि प्रत्येक पिढीने पहारा ठेवला तो आपल्या काळच्या दारावर.

अफू देणारे खसखशीचे झाड मुळात या भूमीतले नव्हे. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत अहिफेनाचा, म्हणजे अफूचा, निर्देश नाही. तो येतो मध्ययुगात, शार्ङ्गधरापासून पुढच्या ग्रंथांत, आणि सोळाव्या शतकातील भावप्रकाशात तर तो औषधी द्रव्यांच्या पंक्तीत स्थिर होऊन बसलेला आढळतो. अरबांचा व्यापार आणि युनानी वैद्यक यांच्या द्वारा ही वस्तू हिंदुस्थानात आली, आणि दख्खनच्या सुलतानांच्या दरबारी तिचा परिचय लवकरच झाला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा वैद्य म्हणून वावरलेला पोर्तुगीज पंडित गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या संवादग्रंथात अफूस स्वतंत्र प्रकरण दिले आहे, यावरून त्या काळी या मुलखात तिचे स्थान काय होते याची कल्पना येते. बीड हे त्याच निजामशाहीचे ठाणे. बालाघाटाच्या डोंगररांगांपासून गोदावरीच्या काठापर्यंत पसरलेल्या या प्रदेशाने निजामशाही, मोगलाई आणि पुढे आसफजाही असे अंमल एकापाठोपाठ पाहिले. दरबारातील कसुंबा, म्हणजे अफूचे पेय, खेड्यातल्या कुणब्याच्या घरी जाणारे नव्हते. पण त्याच अफूची काळी वडी, पोटदुखीचे आणि खोकल्याचे औषध म्हणून, गावच्या वैद्याच्या बटव्यातून सर्वत्र पोहोचली होती.

ती पिकत होती मालव्यात. नर्मदेपलीकडच्या त्या काळ्या जमिनीत बोंडांना चिरा देऊन जमविलेला चीक वाळवून, गोळे बांधून, इंदूर-उज्जैनच्या सावकारांमार्फत दक्षिणेकडे आणि मुंबईकडे येई. त्यातला मोठा भाग चीनकडे जाई, आणि चीनशी झालेल्या १९०७ च्या करारानंतर तो व्यापार क्रमाने आटून १९१३ मध्ये बंद पडला. परंतु देशात खपणाऱ्या अफूचा प्रश्न त्याने सुटला नाही. इंग्रजी अंमलात १८७८ च्या कायद्याने अफूची विक्री परवानेदार दुकानांतून होऊ लागली. निजामाच्या मुलखात, दिवाण सालारजंगाने १८६५ साली जिल्हेबंदी केली, त्यानंतर अव्वल तालुकदार आणि तहसीलदार यांच्या देखरेखीखाली दारू, शिंदी आणि अमली पदार्थ हा अबकारीचा, म्हणजे उत्पन्नाचा विषय होऊन राहिला. सरकारास त्यातून महसूल मिळे, मक्तेदारास नफा मिळे, आणि घेणाऱ्यास आपण काही गैर करीत आहोत असे वाटण्याचे कारणच उरत नसे. कारण ज्या वस्तूवर सरकारचा शिक्का आहे ती निषिद्ध कशी, असा सरळ हिशेब त्याच्या मनात असे.

इंग्लंडातील धर्मनिष्ठ मंडळींच्या आग्रहावरून १८९३ साली लॉर्ड ब्रासी यांच्या अध्यक्षतेखाली अफूविषयीचा शाही आयोग नेमला गेला. दरभंग्याचे महाराजा लक्ष्मेश्वर सिंह आणि जुनागडचे माजी दिवाण हरिदास विहारीदास देसाई हे त्याचे दोन हिंदी सभासद होते. आयोगाने देशभर फिरून शेकडो साक्षीदारांच्या जबान्या घेतल्या आणि १८९५ साली निष्कर्ष काढला तो असा, की हिंदुस्थानात अफू बहुतांशी माफक प्रमाणात घेतली जाते आणि तिच्या बंदीची लोकांस गरज नाही. या निष्कर्षावर महसुलाची छाया होती, असा आरोप तेव्हाच झाला. परंतु त्या जबान्यांत एक गोष्ट वारंवार येते, आणि ती महत्त्वाची आहे: अफू घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आरंभाचे कारण म्हणून सुखाचे नाव घेतलेले नाही, दुखणे, खोकला, हगवण, थंडीवारा, रात्रीचा पहारा आणि वाढते वय, हीच कारणे पुन्हा पुन्हा सांगितलेली आहेत. मौजेसाठी आरंभ करणारे थोडे, आणि ते बहुधा शहरातले किंवा सुखवस्तू घराण्यांतले.

तथापि या सर्वांच्या आधीचा एक आरंभ होता, आणि त्यात आरंभ करणाऱ्याची इच्छा विचारात घेण्याचा प्रश्नच नव्हता. कारण तो असे पाळण्यातला. दख्खनच्या खेड्यापाड्यांत, वऱ्हाडात, खानदेशात आणि मुंबईच्या चाळींत तान्ह्या मुलास अफू चाटविण्याची चाल इतकी रूढ होती की ती कोणास चाल म्हणून जाणवतही नसे. सकाळी सहाणेवर हिरडा, वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, जायफळ यांचे ठराविक वेढे उगाळून बाळास घुटी द्यावयाची, हा प्रत्येक घरचा परिपाठ. त्याच सहाणेवर, बाळ फार रडत असेल, दात येत असतील, पोट झरत असेल किंवा आईला दिवसभर रानात जावयाचे असेल, तर बाजरीच्या दाण्याहून लहान असा अफूचा कण आईच्या दुधात कालवून बोटाने त्याच्या टाळूस लावला जाई. घरात कोनाड्यात किंवा आजीच्या पानाच्या चंचीत एक लहानशी डबी असे, आणि तिच्यातली काळी, चिकट, उग्र वासाची वडी नखाने खरडून काढण्याचे कसब फक्त वडीलधाऱ्या बायकांनाच असे. मूल शांत झोपी जाई. सूर्य मावळतीस जाईतो बांधावरच्या झोळीत निश्चल पडून राही. दोन-तीन वर्षांचे होऊन ते चालू-बोलू लागले की गोळी बंद करीत. पण तोपर्यंत त्याची भूक मंदावलेली, पोट बद्ध झालेले आणि वाढ खुंटलेली असे. आणि मात्रा चुकली तर बाळ त्या झोपेतून उठतच नसे, मग त्या मृत्यूचे खापर दृष्टीवर किंवा बाहेरच्या वाऱ्यावर फुटे.

या आईस दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. तिच्या हातात दुसरा उपाय कोणता होता, याचा विचार केल्यावाचून या प्रथेचा इतिहास समजणार नाही. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांच्या प्रसूतीविषयी व अर्भकांविषयी मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री-वैद्याकडून चौकशी करविली, तेव्हा १९२२ साली तिने नोंदविले की अशा बायकांच्या शंभरांपैकी ९८ अर्भकांस अफू दिली जाते. बाजारात यासाठी तयार बाळगोळ्याच मिळत. गिरणीचा भोंगा वाजला की आईने जावेच लागे. मूल शेजारणीकडे किंवा म्हाताऱ्या सासूकडे राही. आणि दहा तास त्याने रडू नये यासाठी गोळी हाच एकमेव नोकर तिला परवडणारा होता. मजुरांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या आपल्या अहवालात या प्रकाराची दखल घेतली, आणि त्यावर जो उपाय सुचविला तो अफूच्या दुकानाविषयीचा नव्हता: जेथे २५० किंवा अधिक बायका कामास आहेत तेथे पाळणाघर असावे, असे त्याने म्हटले. पुढे १९३४ च्या कारखाना कायद्यात पाळणाघरांची तरतूद आली, १९४८ च्या कायद्याने ती अधिक पक्की केली. १९२९ चा मुंबईचा प्रसूतिलाभाचा कायदा याच मालिकेतला. बाळगोळीचा अंत करण्यात या कायद्यांचा जेवढा वाटा आहे, तेवढाच अफूच्या बंदीचा आहे. आणि हे सत्य पुढच्या सर्व पिढ्यांच्या बाबतीत उपयोगी पडण्याजोगे आहे.

दुर्दैव असे की कारखान्यासाठी केलेला कायदा शेताच्या बांधापर्यंत येत नाही. बीडमध्ये गिरण्या नव्हत्या; होती ती कोरडवाहू शेती, तिसऱ्या-चौथ्या वर्षी पडणारा दुष्काळ आणि रोजगारासाठी परागंदा होणारी माणसे. त्यामुळे येथे अफूची सोबत बाळपणात सुटली तरी उतारवयात पुन्हा जुळण्याची वाट मोकळीच राही, आणि हा त्या पिढीचा दुसरा आरंभ होय. चाळिशी उलटलेला, गुडघे धरलेला, रात्री खोकल्याने उठून बसणारा कुणबी वैद्याकडे किंवा हकिमाकडे जाई आणि अफूची पुडी घेऊन येई. तिने दुखणे थांबे, झोप लागे, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोट धरता येई. मग वैद्य दूर राही आणि पुडी जवळ राही. गुंजेच्या वजनाने मोजलेली ती मात्रा काही वर्षांत दुप्पट होई, ठरल्या वेळी मिळाली नाही की जांभया येत, नाकाडोळ्यांस पाणी सुटे, हातपाय मोडून येत. आणि घरातली सून सासऱ्याच्या तलफेची वेळ तितक्याच निष्ठेने सांभाळी जितक्या निष्ठेने ती देवाच्या नैवेद्याची सांभाळी. गावात त्यास अफूबाज म्हणत, पण त्या शब्दात आजच्यासारखा तिरस्कार नसे. तो घरातच असे, घराच्या नियमांत असे, आणि त्याने चाळिशीनंतर सुरू केलेली गोष्ट विशीतल्या पोराने सुरू करावी हे कोणासच मान्य नसे. वयाची ही मर्यादा कोणत्याही कायद्याने घातलेली नव्हती, तरी ती पाळली जाई. आणि ती पाळली जात होती तोवर अफू हे वार्धक्याचे व्यसन राहिले.

स्वातंत्र्याने ही सारी व्यवस्था पालटली. १९४९ साली दिल्लीस भरलेल्या अखिल भारतीय अफू परिषदेत केंद्र आणि प्रांत यांनी ठरविले की औषधी व शास्त्रीय उपयोगाखेरीज अफूचे सेवन दहा वर्षांत क्रमाक्रमाने बंद करावे. ती मुदत १९५९ च्या मार्चअखेर संपली. याच काळात बीडच्या माणसाने तीन राजवटींचा अनुभव घेतला: १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या आसफजाही राजवटीचा अंत झाला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. जेथे काल शिंदीचे लिलाव होत होते तेथे आज मुंबई राज्याची दारूबंदी आली. जी अफू काल परवानेदाराकडे तोळ्यावर मिळत होती ती आज फक्त नोंदलेल्या व्यसनी माणसास, वैद्यकीय दाखल्यावर, ठराविक मात्रेत मिळू लागली. नोंदवहीत नाव असलेला तो म्हातारा हळूहळू नाहीसा झाला, आणि त्याच्याबरोबर त्याची डबीही गेली. नव्या नावांची नोंद होणार नव्हती. म्हणजे ही पिढी शेवटची, असा त्या योजनेचा हेतू होता, आणि तेवढ्यापुरता तो सफल झाला असे न्यायाने म्हटले पाहिजे. १९६० नंतर जन्मलेल्या मराठवाड्यातल्या मुलास अफूची डबी ही आजीच्या गोष्टीतली वस्तू होऊन गेली.

पण ज्या पिढीने डबी पाहिली नाही, तिच्यासाठी दुसरे दार उघडण्याची तयारी दूरदेशी झालेली होती. अफूतून मॉर्फिन वेगळे काढण्याचे श्रेय जर्मन औषधनिर्माता सेर्ट्युर्नर याच्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जाते. कोडीन १८३२ मध्ये फ्रान्समध्ये सापडले. आणि १८९८ साली बायर या जर्मन कंपनीने हेरॉइन हे खोकल्याचे औषध म्हणून विक्रीस आणले. म्हणजे ज्या विषाने पुढे जगभरच्या तरुणांना ग्रासले, त्याचाही आरंभ औषध म्हणूनच झाला. १९७९ नंतर अफगाणिस्तान आणि इराण येथील उलथापालथीने अफूचे जुने मार्ग बदलले, आणि १९८० नंतरच्या वर्षांत अशुद्ध हेरॉइनची तपकिरी पूड मुंबईच्या आणि पुण्याच्या रस्त्यांवर स्वस्तात मिळू लागली. महाराष्ट्राने तिला गर्द हे नाव दिले. चांदीच्या कागदावर चिमूटभर पूड, खाली पेटती काडी, तोंडात नळी आणि पुढे सरकणाऱ्या धुराचा पाठलाग, अशी तिची रीत होती. येथे पहिला झुरका देणारा असे मित्र, आणि घेणाऱ्याचे वय असे अठरा-वीस. घरातल्या वडीलधाऱ्यांना याचा थांगच लागत नसे, कारण ज्या वासावरून, ज्या डबीवरून, ज्या जांभयांवरून त्यांच्या पिढीने अफू ओळखली होती, तीतले काहीच येथे दिसत नव्हते. आणि जेव्हा दिसू लागे तेव्हा भांडी विकली गेलेली असत.

या संकटाशी महाराष्ट्राने दिलेली झुंज स्मरणीय आहे. डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यात सापडलेल्या मुलांविषयी लिहिले, ते वाचून पु. ल. देशपांडे यांनी आपल्या प्रतिष्ठानातर्फे देणगी दिली, आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. सुनंदा अवचट यांच्या पुढाकाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९८५ मध्ये, अमली पदार्थांविषयीचा नवा कडक कायदा संसदेने केला होता. शिक्षा एका बाजूने आणि उपचार दुसऱ्या बाजूने असे दोन मार्ग तेव्हापासून समांतर चालत आलेले आहेत. शिक्षणासाठी आणि रोजगारासाठी पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्या मराठवाड्यातल्या तरुणास या दुनियेची ओळख व्हावी, हे त्या स्थलांतरातच अनुस्यूत होते. आणि त्याचा बाप, ज्याने आयुष्यात तंबाखूच्या पलीकडे काही पाहिले नाही, तो या बाबतीत मुलापेक्षा अजाण होता. पूर्वी बाप जाणता असे आणि मुलास दूर ठेवी. आता जाणतेपण उलटे झाले.

२०१२ साली एक विलक्षण प्रकार घडला. ज्या बीड जिल्ह्याची ओळख अफूच्या पिकाची नव्हती, त्याच जिल्ह्यात तिची बेकायदा लागवड उघडकीस आली. पांढऱ्या-जांभळ्या फुलांची ती उभी पिके पोलिसांनी ताब्यात घेतली. शेतकरी पकडले गेले, आणि आपण खसखशीसाठी हे पीक घेतले, असे त्यांच्यापैकी काहींचे म्हणणे होते. ते खरे किती हे न्यायालयांनी ठरवायचे. पण एवढे निश्चित की कापसाच्या आणि बाजरीच्या भावाने गांजलेल्या, पावसाने वारंवार फसविलेल्या कोरडवाहू शेतकऱ्यास मोठी रक्कम देणाऱ्या पिकाचा मोह घालणे कोणासही अवघड नव्हते. बोंडावर पडणारी उभी चीर, तीतून रात्रभर पाझरणारा दुधासारखा चीक आणि सकाळी खरडून घेतलेला त्याचा काळपट थर, हे मालव्याचे तंत्र बालाघाटाच्या पायथ्याशी येऊन पोहोचले होते. ज्यांच्या पणज्यांनी तीच वस्तू मोहरीएवढी खरडून बाळास चाटविली होती, त्यांच्या पणतूंना ती प्रथमच शेतात दिसली, आणि ती दिसली ती गुन्ह्याचा मुद्देमाल म्हणून.

आजची पिढी मात्र डबीतली अफू आणि शेतातली अफू या दोहोंपासून दूर आहे. तिचा आरंभ होतो तो बहुधा दुकानातल्या बाटलीपासून किंवा गोळ्यांच्या पाकिटापासून: कोडीन असलेले खोकल्याचे औषध, किंवा ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामक गोळी. ज्या बटन गोळ्यांच्या बातम्या मराठवाड्यातील वृत्तपत्रांत येतात त्या बहुतेक झोपेच्या गोळ्या, अफूच्या कुळातल्या नव्हेत. पण दोहोंचे दार एकच आणि कित्येकदा गिऱ्हाईकही एकच. २०१९ मध्ये केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीत देशात अफूवर्गीय द्रव्ये घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २.१ टक्के आढळले. त्यात हेरॉइन १.१४ टक्के, औषधी अफूवर्गीय द्रव्ये ०.९६ टक्के आणि प्रत्यक्ष अफू ०.५२ टक्के असा क्रम लागला. आजोबांची अफू तळाशी गेली आहे, नातवाचे औषध तिच्या जवळजवळ दुप्पट झाले आहे, असाच या आकड्यांचा अर्थ. उपचाराची निकड असणाऱ्या माणसांची संख्या ज्या थोड्या राज्यांत एकवटली आहे, त्यांत महाराष्ट्राचे नाव आहे.

हे केवळ आपल्याकडचे नाही. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की हेरॉइनच्या व्यसनी लोकांत १९६० च्या दशकात ज्यांनी आरंभ केला, त्यांच्यापैकी ८० टक्क्यांहून अधिक लोकांचे पहिले अफूवर्गीय द्रव्य हेरॉइन होते. २००० नंतरच्या पिढीत ७५ टक्क्यांचा आरंभ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या गोळीने झाला होता. तेथील आयांनी मुलांना रस्त्यावरच्या परक्यापासून जपले, आणि धोका घरातल्या औषधांच्या कपाटातून आला. आपल्याकडेही सरकारने दारे बंद करण्याचा प्रयत्न केला आहे. २०१४ च्या मार्चपासून कोडीन आणि ट्रॅमाडॉल यांच्या विक्रीसाठी दुकानदाराने रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव स्वतंत्र नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपावी असा नियम आला, आणि एप्रिल २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली घेतले गेले. १९५९ ची नोंदवही अफू घेणाऱ्या म्हाताऱ्याची होती, ही औषध विकणाऱ्याची आहे. पहिली वही यशस्वी झाली, कारण तीत लिहिली जाणारी माणसे गावाच्या ओळखीची होती आणि नवी भर पडत नव्हती. दुसरीचे यश ती किती प्रामाणिकपणे भरली जाते यावर आहे.

येथे पुन्हा बीडच्या श्रमाकडे वळले पाहिजे, कारण या जिल्ह्याच्या देहावरचे दुखणे त्या श्रमातून येते. दिवाळी सरताच येथून लाखो माणसे मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडावयास जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. पहाटेपासून उसाच्या मोळ्या बांधून गाडी भरण्यापर्यंत काम चालते. आणि खाडा झाला की उचलीतून पैसे कापले जातात. तान्हे मूल फडाच्या कडेला किंवा कोपीत राहते. २०१९ मध्ये शासनाने नेमलेल्या समितीपुढे आले की बीड जिल्ह्यातील पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आहेत. दुखणे हा मजुरीतला अडथळा म्हणून काढून टाकण्याची ही परिसीमा आहे. अफूचा या आकड्यांशी थेट संबंध नाही. परंतु ज्या समाजात आजारपणाची रजा परवडत नाही, त्या समाजात दुखणे दाबणारे जे जे स्वस्त आणि हाताशी असेल ते ते घेतले जाणार, हा नियम १९२२ च्या गिरणीत दिसतो तसाच आजच्या फडातही दिसतो. आजही पाळणाघर, हंगामी वसतिगृह, जवळचा दवाखाना आणि भरपगारी विश्रांती यांपैकी जे मिळेल ते व्यसनाच्या विरोधातले पाऊल आहे, मग त्यावर व्यसनमुक्तीचा फलक असो वा नसो.

याची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. १९८५ च्या कायद्याच्या धाकाने औषधी मॉर्फिन ठेवण्यासच रुग्णालये कचरू लागली, आणि कर्करोगाच्या अंतिम यातनांत तळमळणाऱ्या रुग्णांस ते मिळेनासे झाले. म्हणून २०१४ मध्ये संसदेस कायदा दुरुस्त करून अशा आवश्यक औषधांची वाट सुकर करावी लागली. जेथे एके काळी निजामाच्या कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती त्या बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईस १९७४ पासून स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे आहे. अशा संस्थेतून शिकून गेलेला डॉक्टर मरणाऱ्याच्या वेदनेस योग्य औषध देतो, आणि कंबर धरलेल्या तरुण मजुरास तेच औषध महिनोन्महिने देत नाही, हा विवेक जर तालुक्या-तालुक्यात पोहोचला, तर कोणत्याही बंदीहून तो अधिक काम करील. अफूस सरसकट राक्षस ठरविणे हेही अज्ञानच. तिच्यापासून मिळणारा आराम खरा आहे, आणि म्हणूनच तिचा फास इतका बळकट आहे.

या सर्व वृत्तांतातून जो बोध निघतो तो असा. आपण व्यसनाचा विचार करताना पदार्थाचे नाव धरून बसतो: डबी गेली की अफू गेली असे मानतो, गर्द आटले की संकट टळले असे समजतो. पण प्रत्येक पिढीत पहिली मात्रा आली ती ज्या हातावर माणसाचा विश्वास होता त्याच हातातून, आणि बहुधा दुखणे, थकवा, रडे किंवा एकाकीपणा शमविण्याच्या निमित्ताने आली. म्हणून आजच्या आईबापांनी आपल्या लहानपणी ऐकलेल्या धोक्याच्या खुणा मुलात शोधू नयेत. मुलाच्या काळात औषध, दिलासा आणि सोबत त्यास कोणाकडून मिळते, याची चौकशी त्यांनी प्रेमाने आणि नित्य करावी. औषधविक्रेत्याने चिठ्ठीवाचून बाटली देऊ नये, डॉक्टराने चिठ्ठी लिहिताना मुदत लिहावी, शासनाने श्रमिकाच्या दुखण्यास विश्रांतीचा हक्क द्यावा, आणि जो अडकला त्यास गुन्हेगार न मानता रुग्ण मानून उपचाराच्या दारी न्यावे. पुढच्या पिढीच्या हाती कोणती वस्तू येईल हे आज कोणी सांगू शकणार नाही. पण ती कोणाच्या हातून येईल आणि कोणत्या दुखण्याच्या पाठीमागून येईल, हे बीडच्या चार पिढ्यांनी पुरेसे स्पष्ट करून ठेवले आहे, आणि त्या दुखण्यावर वेळीच इलाज करणे आपल्या हाती आहे.